‘निकामी’ लिहा आणि घरी जा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, “मेस्तरी, नोकरीतल्या चार गोड आठवणी लिहून द्या.” मी म्हणालो, गोड पाहिजे असेल तर हलवायाकडं जा. बीड जिल्ह्यात मी पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात मेस्तरी म्हणून आयुष्य काढलं. त्यातलं लिहायला बसलो की अजून कानशिलं तापतात. तसलं चालत असेल तर लिहितो. ते ‘चालेल’ म्हणाले. आता वाचकांनी तक्रार करू नये.

आमचं काम बाहेरच्या माणसाला फार सोपं वाटतं. वर हँडल, खाली पाणी, मधे पाईप. पण दीड-दोनशे फूट खोल भोकात लोखंडी पाईप एकाला एक जोडून सोडलेले असतात. त्यांच्या पोटात सळ्या आणि अगदी तळाला सिलिंडर. पंप बंद पडला की हे सगळं उपसून वर काढायचं. एक पाईप वर आला की खालच्याला शिकंजा आवळायचा, वरचा सोडवायचा, पुन्हा ओढायचं. शिकंजा सटकला तर सगळा माल तळाला जातो आणि बोअर कायमची बाद होते. मग गाव तुमच्याकडं कसं बघतं ते मी अनुभवलंय. ओढायला आमच्या पथकात मी, एक मदतनीस आणि गाडीवर रहीमभाई. मदतनीस निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही. पाईप ओढायची लोखंडी तिवई मोडली, ती मागता मागता माझ्या डोक्याचे केस गेले. शेवटी गावातल्या बायाबापड्याच दोर धरून ओढू लागायच्या, आणि सरकारी अहवालात ‘पथकाने दुरुस्ती केली’ असं जायचं.

गिऱ्हाईकंही एकेक नग. एका गावात पंपाला करणी केली म्हणून म्हाताऱ्यानं हँडलला लिंबू बांधलं होतं. मी पंप दुरुस्त करायला गेलो तर लिंबाला हात लावू देईना. मी म्हणालो, “बाबा, ऱ्हाऊ द्या लिंबू, मला फक्त साखळी बदलू द्या.” साखळी बदलली, पाणी आलं. म्हातारा गावाला सांगत सुटला, “बघा, लिंबानं गुण दिला.” पुढच्या वेळी पंप बंद पडला तेव्हा त्यांनी आधी लिंबू बदललं, मग चार दिवसांनी मला फोन केला. मला याचा राग येत नसे. लिंबानं कोणाचं पाणी पळवलं नव्हतं.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्यासाठी आधी सिलिंडरातल्या वायसरबद्दल सांगायला हवं. पाणी वर ढकलतात ते चामड्याचे वायसर. चामडं ओलं असलं की फुगून सिलिंडरला चिकटतं. पंप गप्प राहिला की सिलिंडरातलं पाणी हळूहळू खाली गळतं, चामडं वाळून आक्रसतं, आणि मग हँडल कितीही मारा, पाणी नुसतं आतल्या आत खाली-वर होतं. नवे रबरी वायसर आले ते बीडपर्यंत. आमच्या तालुक्यात चामडंच.

आणि आमच्या भागात हे चामडं वाळायचं कारण ठरलेलं. दसरा झाला की वाड्या-वस्त्यांवरची माणसं ऊसतोडीला जातात. बैल, गाड्या, भांडी, लेकरं, सगळं घेऊन. घराला कुलूप नसतं, कारण आत चोरायला काही नसतं. वस्तीवर म्हातारी माणसं राहतात. त्यांना घागरभर पाणी पुरतं, पंप निम्मा वेळ गप्प. गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं परत येतात, हँडल मारतात, आणि पाणी येत नाही. दरसाल हेच. म्हणून मी प्रत्येक वस्तीवर एका म्हातारीला धरून सांगायचो, “मावशे, पानी लागो न लागो, रोज थोडा वेळ हँडल मार. सांडलेलं पानी शेळीला पाज.”

डोंगरपट्ट्यातल्या अशाच एका वस्तीवर गयाबाई होत्या. जन्मभर ऊस तोडला, मग कंबर गेली म्हणून मुलानं घरी ठेवलेलं. त्यांनी माझं सांगणं इतकं मनावर घेतलं की सकाळी तुळशीला पाणी घातल्यासारखं पंपाला हँडल मारायच्या. आसपासच्या वस्त्यांचे पंप पाडव्याला बंद सापडत, गयाबाईंचा कधी नाही. त्या पंपावर वस्तीतले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या घर धरून होते. पाणी आहे तोवर माणूस घरात राहू शकतो.

मग सलग दुसरा दुष्काळ पडला. त्या वस्तीला लागूनच एका सहकारी संस्थेनं उसाची रोपवाटिका घातली होती. नीट वाचा, उसाची. माणसांना टँकर आणि उसाच्या रोपांना हिरवी जाळी, सावली आणि फवारा. संस्थेचे चेअरमन म्हणजे आप्पा. पांढरे कपडे, बोलणं लोण्यासारखं. संस्थेची बोअर आटली होती आणि त्यांना नवी पाडायची होती. पण पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक पंप असेल तिथून ठरावीक अंतराच्या आत दुसरी बोअर घ्यायला कायद्यानं बंदी. म्हणजे गयाबाईंचा पंप चालू असेपर्यंत आप्पांची मशीन तिथं उभी राहू शकत नव्हती.

आप्पांनी भांडण केलं नाही. वस्ती ऊसतोडीला गेल्यावर त्यांनी पंपाच्या हँडलला साखळी घालून कुलूप लावलं. म्हाताऱ्यांना सांगितलं, “दुष्काळ हाय, पानी जपाया पायजे. आठवड्याला टँकर येतोय, तेवढ्यात भागवा. मानसं आली की कुलूप काढू.” लोकांना ते पटलंही. पाणी जपायचं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? गयाबाई तेवढ्या भांडल्या. कुलपावर दगड घातला तर संस्थेचा राखणदार अंगावर धावून आला.

पाडव्याला माणसं परत आली. आप्पांनी चारचौघांत कुलूप काढलं, हँडल मारलं, मारलं, आणि मान हलवली. “मेला पंप. पानीच न्हाई जमिनीत, त्याला कोन काय करनार?” दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा ठराव आणि त्यामागोमाग आमच्या उपअभियंता साहेबांचा मला आदेश: पाहणी करून ‘निकामी’ असा शेरा द्यावा. पाहणीच्या आधीच शेरा ठरलेला.

मी आणि रहीमभाई गेलो. पंपाचं डोकं थोडं उचलून मी बाजूनं दोरीला नट बांधून खाली सोडला. दोरी वर ओढली तर खालचे कितीतरी हात चिंब ओली. पाणी होतं. वायसर वाळले होते, बस्स. गयाबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी ती ओली दोरी हातात घेऊन चेहऱ्यावर फिरवली. म्हणाल्या, “म्या सांगत हुते, पानी हाय. माझं कुनी ऐकंना.”

मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, पंप जिवंत आहे, वायसर द्या, दोन तासांचं काम आहे. साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, “वायसर स्टॉकमध्ये नाहीत. पंप उपसू नका. शेरा द्या.”

“जिवंत माणसाच्या मयतीचा दाखला देऊ काय?”

“तुम्हाला फार त्रास होतोय नोकरीचा. वीस वर्षं केव्हाच झालीत ना? स्वेच्छानिवृत्ती घ्या. ‘निकामी’ लिहा आणि घरी जा. दोन्ही सुटतील.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथं क्लार्कच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला. म्हणालो, पहिलं नाही लिहिणार, दुसरं घ्या. क्लार्कनं विचारलं, “कारण काय टाकायचं?” मी म्हणालो, “संताप.” तो म्हणाला, “मेस्तरी, तसलं कारण नियमात बसत नाही. ‘घरगुती कारणास्तव’ लिहा.” ज्या घराच्या नावावर हे खपवलं, तिथं माझी बायको बिचारी त्या वेळी भाकरी थापत होती.

आता बघा. लोखंडी तिवईचा माझा अर्ज चार साहेब बदलले तरी पडून होता. हातमोज्यांचा अर्ज सापडत नव्हता. रहीमभाईच्या गाडीच्या टायरची फाईल उंदरांनी खाल्ली, तसं मला लेखी कळवलं होतं. आणि हा अर्ज? संध्याकाळच्या आत बीडला रवाना. दोन दिवसांत सेवापुस्तक तपासून झालं, आठवड्याच्या आत मंजुरी आली. तीन महिन्यांची नोटीस, त्यानंतर मी मोकळा. ज्या क्लार्कनं मला कधी खुर्ची दिली नव्हती, त्यानं चहा मागवला. तो चहा मला अजून आठवतो, इतका कडू लागला.

घरी मात्र आनंदीआनंद. आमचं घर वडवणीला. ‘नोकरी सोडा’ हे मंडळींचं म्हणणं खोटं नव्हतं. माझे गुडघे गेलेले, डाव्या हाताचं एक बोट शिकंज्यात चेंगरून वाकडं झालेलं, आणि घरी येऊन भांडी आपटायची सवय लागलेली. माझा मेहुणा अंकुश तेलगावला. तो कधीपासून मागं लागला होता, “दाजी, पानबुडी मोटारींचं दुकान टाकू. आमच्याकडं ऊसवाले लई. उन्हाळ्यात रोज मोटारी जळत्यात. तुमचा हात आन् माझी जागा.” त्यानं पाटीसुद्धा रंगवायला टाकली. मीही मनात म्हणालो, जाऊ दे. नोकरीनं आपल्याला काय दिलं? बसू सावलीत, मोटारी उघडू, कोणा साहेबाला जबाब द्यायचा नाही. दोन-तीन आठवडे मी खरोखर सुखात होतो. गयाबाईंच्या वस्तीकडची वाट मात्र टाळत होतो.

मग एका सकाळी दारात जीप थांबली. आप्पा स्वतः. हातात शाल, नारळ. मंडळींनी चहा टाकला. आप्पांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, “मेस्तरी, तुमच्यासारखा कारागीर सरकारात कुजत हुता. बरं झालं. दुकानाचं पैलं काम आमचं. नवी बोअर पाडतोय वस्तीपाशी, मोटार तुमीच सोडायची.”

“आप्पा, पंप निकामी झाल्याचा शेरा कुठाय?”

“ईल की. तुमी गेल्यावर चार्ज ज्याच्याकडं, त्यो दिईल. तुमाला कशाला तरास?” आणि हसले. मनापासून हसले, याचाच मला जास्त राग आला. त्यांना माझ्याशी वैर नव्हतंच. मी त्यांच्या रस्त्यातली काडी होतो आणि ती काडी स्वतःच उठून बाजूला झाली होती. वर त्या काडीच्याच हातानं मोटार सोडून घ्यायची होती.

ते गेल्यावर मी शाल दोरीवर टाकली आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागलो. साहेबाला शिव्या दिल्या, खात्याला दिल्या, सहकाराला दिल्या. मंडळी दारात उभी राहून ऐकत होती. गेली दोन वर्षं ‘नोकरी सोडा’ म्हणून माझ्या पाठीमागं लागलेली बाई. ती म्हणाली, “आवं, मला एक सांगा. तुमच्या जान्यानं कोन खूश झालं?”

मी म्हणालो, “तू झालीस.”

“मी झाले. माझ्यासंगं त्यो साहेब झाला, आन् ह्यो शालवाला झाला. ह्यांच्या पंगतीत मला कावून बसवता? जायाचं तर ताठ मानंनं जावा. पंप तसाच टाकून पळता व्हय?”

नोटिशीचे दोन महिने शिल्लक होते, म्हणजे मी अजून सरकारी मेस्तरी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रहीमभाईला म्हणालो, गाडी काढ. तो म्हणाला, “मेस्तरी, ऑर्डर नाही.” मी म्हणालो, “नाही.” त्यानं गाडीची चावी काढली आणि म्हणाला, “चलो. टायर वैसे भी सरकार का नहीं, मैंने डाला है.”

वस्तीवर गेलो. तिवई नाही, मदतनीस नाही. ऊसतोडीहून आलेली माणसं होती. बायांनी दोर धरला, गड्यांनी पाईप पेलले, मी शिकंज्यावर बसलो. संस्थेचा राखणदार येऊन ओरडू लागला, “ए मेस्तरी, कुनाला इचारून उपसतो?” तेव्हा गयाबाईंचा मुलगा पाईप खांद्यावर घेऊन त्याच्याकडं नुसता वळला. राखणदार आप्पांना सांगायला गेला, तो पुन्हा दिसला नाही.

सिलिंडर वर आला. वायसर पापडासारखे कडक. नवे कुठून आणायचे? मी जुनेच तेलात भिजवायचं ठरवलं. चामडं तेल पिऊन फुगतं, निदान एक हंगाम काढतं. गयाबाई घरातून वाटी घेऊन आल्या. करडीचं तेल. दुष्काळात त्या घरी भाजीला तेलाचा थेंब नसायचा, हे मला माहीत होतं. मी अर्धी वाटी परत करू लागलो तर म्हणाल्या, “ओता समदं. आमी कोरडं खाऊ.” वायसर उन्हं उतरेपर्यंत भिजत ठेवले, बसवले, सगळे पाईप पुन्हा सोडले. हँडल मारलं. आधी हवा, मग गढूळ पाणी, आणि मग करंगळीएवढी स्वच्छ धार. बायकांनी ते पहिलं पाणी कोणाला पिऊ दिलं नाही. आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवतांचं, म्हणून पंपाच्या पायाशी ओतलं, हळद-कुंकू वाहिलं. माझ्या कपाळालाही कुंकू लावलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज कसली?

मी तिथून थेट कचेरीत गेलो, तसाच, चिखलाच्या कपड्यांनी. शेरा दिला: पंप चालू, पाणी पिण्यायोग्य. आणि दुसरा अर्ज दिला: स्वेच्छानिवृत्ती मागं घेत आहे. साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडं मान वर करून बघितलं.

“बिनआदेश उपसलंत. चौकशी लावीन.”

“लावा. चौकशी लागली तर निवृत्ती लांबते, साहेब. मला तेच पाहिजे.”

“कशासाठी राहताय? दुकान निघतंय, पेन्शन आहे. लोक यासाठी नवस करतात.”

मी म्हणालो, “तुम्हाला माझी इतकी काळजी आहे, म्हणूनच राहतो.”

पहिला अर्ज वाऱ्यासारखा गेला होता, हा हलता हलेना. मी रोज आवक टेबलापुढं जाऊन उभा राहायचो. शेवटी बीडला मोठ्या साहेबांच्या दारात दिवसभर बसलो आणि सही घेऊनच उठलो. अंकुशनं पाटीचे पैसे वाया गेले म्हणून वर्षभर अबोला धरला. चौकशी झाली, एक वेतनवाढ गेली आणि माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. पण त्या उन्हाळ्यात वस्ती त्या पंपाचं पाणी प्यायली. आप्पांची मशीन आली नाही.

इथं थांबलो तर गोष्ट गोड होईल. संपादकही खूश होतील. पण मी सांगितलं ना, माझ्याकडं गोड नाही.

पुढच्या वर्षी आप्पांनी बोअर पाडलीच. कायद्यातलं अंतर मोजायला कोणीतरी आलं आणि त्यानं ते रस्त्यानं मोजलं. पंपापासून वस्तीला वळसा, ओढ्याला वळसा, मारुतीच्या देवळावरून, असं मोजत गेलं तर अंतर भरतं. सरळ रेषेत बघाल तर पंपावरून हाक मारली तर रोपवाटिकेत ऐकू जाते. मला विचारायचंय, पाणी जमिनीखालून काय रस्त्यानं चालत येतं? ओढा आला की वळसा घेतं? देवळापाशी चपला काढतं? असं मोजणाऱ्याला पगार मिळतो आणि तो वेळेवर मिळतो. दोन महिन्यांत गयाबाईंचा पंप कोरडा पडला. या वेळी खरोखरच. वायसर, तेल, कशाचाच उपयोग नव्हता.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी, पूर्ण मुदतीनं निवृत्त झालो. निरोप समारंभात साहेब लोक म्हणाले, मेस्तरी आता थकले, त्यांनी विश्रांती घ्यावी. माझी जागा रद्द झाली.

परवा, दसऱ्याच्या आधीच्या बाजारात, वडवणीला गयाबाई भेटल्या. ओळखीचं हसल्या. आधाराची काठी होती आणि दुसऱ्या हातात नवा कोयता, कागदात गुंडाळलेला.

“मुलासाठी का, मावशी?”

“न्हाई, माझाच हाय. यंदा म्या बी चालले उसाच्या फडात.”

“या वयात? कंबर?”

“वस्तीवर पानी न्हाई, टँकरबी बंद झाला, मंग घरी ऱ्हाऊन काय करू? सगळे म्हातारे चाललेत. मोळ्या बांधू, बैलांला उसाचं वाढं गोळा करू. तितं निदान पानी तरी असतंय.” मग माझ्याकडं नीट बघत त्यांनी विचारलं, “तुमी पंपावर कावून येत न्हाई आता?”

“रिटायर झालो. वय झालं.”

त्या हसायला लागल्या, दात नसलेलं मोकळं हसू. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग हसू थांबलं आणि खरंच विचारावं तसं त्यांनी विचारलं, “वय झालं की घरी बसवत्यात व्हय तुमच्यात?”